काडेपेटीएवढी जीप अन् तिच्यावरची तोफ

माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं आहे, पुलगावकडे जाणाऱ्या रोडवर. शेतातली पाण्याची मोटर जळली की लोक ऑटोत टाकून आणतात, काही तर टू-व्हीलरवर मांडीत धरून. दुकानात दोन टेबलं, एकावर जळक्या मोटरी आणि दुसऱ्यावर रणगाडे. रणगाडे म्हणजे चार बोटं लांबीचे. परवा एक काका मोटर ठेवून तिकडे वळले, चष्मा कपाळावर चढवला अन् विचारलं, "हे काय व्हय बाप्पा, तान्ह्या पोळ्याचं का?" मी म्हटलं नाही काका, याच्यावर आम्ही लढाई खेळतो. ते जरा वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं, अन् माही मोटर कई देतं?"

पण काकांचं तान्ह्या पोळ्याचं बरोबरच होतं, उलट मला त्यातूनच हे सगळं समजावता येतं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी दोन तऱ्हेचे असतात. एक स्पर्धेचा, त्याच्यावर झूल, माळा, आरसे, शिंगांना बेगड, त्याला पोट्ट्यांना हात लावू देत नाहीत. दुसरा दोरी बांधून डांबरी रोडवरून खडखड ओढायचा, त्याचे पाय जाड, शिंगं आखूड, चाकं मजबूत. दोन्ही बैलच, पण बनवताना डोक्यात वेगळं असतं. मिलिटरी गाड्यांच्या मॉडेलचंही तसंच आहे. कपाटात ठेवायचं मॉडेल वेगळं आणि वॉरगेमिंगचं वेगळं, मी बोलून राहिलो ते दुसऱ्याबद्दल, ओढायच्या नंदीबद्दल.

वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर जमीन मांडायची, टेकड्या, नाला, गाव, ऊस, आणि दोघांनी आपापली फौज घेऊन फाशांवर आणि नियमांवर लढायचं. बुद्धिबळासारखंच, फक्त इथे चौकोन नसतात, इंची टेपने मोजून गाडी सरकवायची. ही काही पोरखेळातून निघालेली गोष्ट नाही, प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर ठोकळे ठेवून असा खेळ सुरू झाला होता, फासे तेव्हाही होते, कारण लढाईत नशिबाचा भाग असतोच हे त्यांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे खेळणारे चौघं आहेत, मी, माझा भाच्चा, शाळेतले एक सर आणि एक कृषी केंद्रवाला. जागा म्हणजे दुकानाच्या मागची खोली आणि जुन्या दरवाज्यावर ठेवलेला ६ बाय ४ फुटांचा प्लाय.

आता स्केल. इथूनच सगळं सुरू होतं आणि इथेच नवीन माणूस पैसे वाया घालवतो, म्हणून जरा थांबून सांगतो. १/७२ म्हणजे खरी वस्तू ७२ पट लहान. हा आकडा विचित्र वाटतो पण हिशेब सोपा आहे, ६ फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून ६ फुटांचा माणूस बरोबर १ इंचाचा होतो. सेंच्युरियन रणगाडा साधारण ३.३९ मीटर रुंद, भागिले ७२ केलं की ४७ मिलिमीटर. तोच १/१०० मध्ये ३४ मिलिमीटर, आणि १/२८५ मध्ये १२ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. याशिवाय लोक १५ एमएम, २८ एमएम असंही बोलतात, ती माणसाच्या पुतळ्याची उंची असते, १५ एमएमसोबत साधारण १/१०० च्या गाड्या चालतात आणि २८ एमएमसोबत १/५६ च्या. १/३५ ही कपाटवाल्यांची स्केल, तिच्यात एकेक बोल्ट दिसतो, पण दोन रणगाडे ठेवले की टेबल भरलं.

मी १/७२ घेतली कारण बऱ्याच गाड्यांची किट्स, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी करायचे डबे, त्यात मिळतात आणि माझे हात मोटरवाल्याचे आहेत, नखाएवढा रणगाडा त्यांच्यात सापडणार नाही.

पण खरी गडबड पुढे आहे. ६ फुटांचं टेबल १/७२ ने खऱ्या जमिनीवर ४३२ फूट होतं, साधारण १३२ मीटर, म्हणजे माझ्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत. आणि जीपवरची १०६ एमएमची रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी, तोफ हजार मीटरच्या वर मार करते. हजार मीटर १/७२ मध्ये जवळपास १४ मीटर होतात, तेवढं टेबल मांडायला मला दुकान सोडून समोरची शाळा घ्यावी लागेल. मग काय करतात, तर जमिनीची स्केल वेगळी आणि गाडीची वेगळी ठेवतात. नियमांच्या हिशेबात १ इंच म्हणजे समजा २० मीटर धरले की ७२ इंचांच्या टेबलावर १४४० मीटर जमीन बसते. मग टेबलावरचा चार इंचाचा रणगाडा जमिनीच्या हिशेबात ८० मीटर लांब होतो, पण तिकडे कोणी लक्ष द्यायचं नाही, तो तिथे फक्त "इथे रणगाडा आहे" हे सांगायला उभा आहे. आमचे सर पहिल्यांदा याच्यावर लय अडले, म्हणाले हे गणितात बसत नाही. मी म्हटलं सर, नकाशात रेल्वेची रेघ जमिनीच्या हिशेबाने पाव किलोमीटर रुंद असते तेव्हा कोणी अडतं का?

हे एकदा डोक्यात बसलं की मॉडेल कसं बनवायचं ते आपोआप ठरतं. गाडीचं काम तीन: ३ फुटांवरून कोणती गाडी आहे ते ओळखू आलं पाहिजे, तिचं तोंड कुठे आहे ते कळलं पाहिजे, आणि दिवसातून पन्नास वेळा उचलली तरी मोडली नाही पाहिजे. तोंडाचं महत्त्व असं की रणगाड्याचं चिलखत समोर जाड, बाजूला आणि मागे पातळ, आणि बहुतेक नियम हे धरून चालतात, त्यामुळे गोळा बाजूने बसला की समोरून यावर भांडण होतं. टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, फिरलं पाहिजे कारण तोफ एकीकडे आणि गाडी दुसरीकडे असं दाखवायचं असतं. भाच्च्याने पहिल्या मॉडेलचं टरेट चिकटवून टाकलं होतं. तो रणगाडा अजून एकाच दिशेने बघून राहिला आहे.

ओळखण्याचंही तसंच. आपल्या सैन्याकडे १९७१ मध्ये टी-५५ रणगाडे होते आणि समोर पाकिस्तानकडे टाइप ५९, जो मुळात सोव्हिएत टी-५४ वरून चीनने बनवलेला. दोन्ही बुटके, गोल टरेटचे, टेबलावर ३ फुटांवरून सख्खे भाऊ. तिथे बारीक फरक दाखवत बसण्यापेक्षा बेसच्या, म्हणजे गाडीखालच्या पट्टीच्या, कडेला दोन फौजांना दोन वेगळे रंग द्यावेत, झालं. याउलट सेंच्युरियन ३ मीटर उंच आणि टी-५५ जेमतेम २.४, हा फरक मॉडेलमध्येही ८ मिलिमीटर दिसतो, म्हणून किटमध्ये उंची चुकली तर मी घेत नाही, बोल्ट चुकले तर चालतात.

आता प्लास्टिक. किटमधलं प्लास्टिक बहुतेक पॉलिस्टायरीन असतं. त्याचा खास गोंद म्हणजे खरं तर गोंद नाहीच, ते द्रावण आहे, ते दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून गेलं की दोन तुकडे एकजीव होतात, प्लास्टिकचं वेल्डिंग म्हणा. म्हणून हा गोंद कमी लावायचा, जास्त लावला की कड पिठासारखी बसते. थर्माकोलसुद्धा पॉलिस्टायरीनच, फुगवलेलं. हे ज्याला माहीत नाही तो थर्माकोलची टेकडी करून तिच्यावर स्प्रे मारतो आणि टेकडीची विहीर होते. आधी फेविकॉलचा जाड हात द्यायचा, वाळू द्यायचं, मग रंग, तोही ब्रशने.

जत्रेतले हिरवे प्लास्टिकचे सैनिक मात्र वेगळे, ते बहुतेक मऊ पॉलिथिन असतं, त्याला ना गोंद धरत ना रंग. कितीही घासा, वाकलं की पापुद्रा निघतो. त्यांच्यावर जीव काढू नका. घरी काही नवं बनवायचं असेल तर सनबोर्ड, दुकानाच्या पाट्या करतात तो, पाटीवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात, सुरीने लोण्यासारखा कापतो, त्याची आम्ही अख्खी घरं बनवली आहेत.

आणि इन्स्टंट ग्लू. याच्याबद्दल कापूसवाल्या मुलखात सांगणं गरजेचंच आहे. हा गोंद ओलाव्याने पक्का होतो, हवेतल्या दमटपणानेसुद्धा. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की तो कंटाळा येईपर्यंत ओला राहतो, आणि पावसाळ्यात पटकन धरतो पण भोवती पांढरी धुरकट बुरशीसारखी झाक सोडतो. खायचा सोडा चिमूटभर टाकला की लगेच दगड होतो, फट भरायला तो चांगला उपाय. पण कापूस! मी एकदा सांडलेला ग्लू सवयीने कॉटन वेस्टने पुसला. मोटरवाल्याच्या हातात कायम कॉटन वेस्ट असतं, काही सांडलं की हात आपोआप जातो. पाचेक सेकंदांत गोळा गरम झाला, धूर निघाला, डोळे झोंबले, आणि दोन बोटांवर फोड आले. कापसावर हा ग्लू एकदम जोरात पक्का होतो आणि तेवढीच उष्णता एकदम बाहेर टाकतो. कापूस, लोकर, चामडं, तिन्ही याच्यापासून दूर. सुती हातमोजे घालून तर अजिबात नाही. सांडलं तर सांडू द्या, वाळल्यावर खरवडा.

आता एक गाडी घेऊन दाखवतो, नाहीतर हे सगळं हवेत राहील. आमच्याकडे सगळ्यांना जी हवी असते ती, १९६५ ची जीप. असल उत्तरची लढाई, सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरणजवळचं शिवार. समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, आपल्या बाजूला उसात दडवलेले शर्मन, सेंच्युरियन आणि जीपवरच्या रिकॉइललेस तोफा. ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून पॅटन फोडले आणि तिथेच १० सप्टेंबरला शहीद झाले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शेतांत पाणी सोडलेलं होतं, जड पॅटन त्या चिखलात रुतले. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये ट्रॅक्टर घातला आहे ज्याने, त्याला हे वेगळं सांगायला नको.

जीपची साधी किट्स मिळतात, पण तोफेसकट हवी ती मिळेलच असं नाही, म्हणून ती बनवायची. कस्टमायझिंग म्हणतात ते एवढंच, एक किट घ्यायचं आणि त्याला हवी ती गाडी करायची. आधी मापं. जीप साधारण ३.३६ मीटर लांब आणि ही तोफ ३.४ मीटर, म्हणजे तोफ जीपएवढीच लांब! १/७२ मध्ये दोन्ही ४७ मिलिमीटर, काडेपेटीपेक्षा जराशा लहान. हे प्रमाण चुकलं तर बाकी कितीही छान करा, जीपवर पिचकारी ठेवल्यासारखी दिसते. मी पहिली ३ सेंटिमीटरची केली होती, ती आता भाच्च्याच्या कंपासपेटीत आहे.

नळी कशाची? आतला व्यास १०५ मिलिमीटर, ७२ ने भागलं की दीड मिलिमीटरला जरा कमी, बाहेरून दोनच्या आसपास पाहिजे. पूर्वी इअरबडची प्लास्टिक काडी बरोबर बसायची, पण एक तर ते प्लास्टिक गोंद धरत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून तशा काड्यांवर बंदी आली. आता कागदी काडी असते आणि ती उलट बरी निघाली. दोन्ही टोकांचा कापूस आधी पूर्ण कापून टाका (वरची दोन बोटं आठवा), मग काडीवर इन्स्टंट ग्लूचे दोन-तीन थेंब थोडे थोडे करून पाजा, वाळली की कडक नळी होते आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत होते. रणगाड्यांच्या बारीक तोफांना मी इंजेक्शनची सुई वापरतो, कोरी, मेडिकलमधून आणलेली, वापरलेली नाही हे मुद्दाम सांगतो. १८ नंबरची सुई बाहेरून १.२७ मिलिमीटर असते, पीटी-७६ या हलक्या रणगाड्याच्या ७६ एमएमच्या तोफेला ती बऱ्यापैकी शोभते. टोक घासून सपाट करा, नाहीतर खेळताना कोणाला तरी टोचते.

तोफेच्या वर एक बारीक बंदुकीची नळी असते, स्पॉटिंग रायफल. आधी तिने चमकणारी गोळी सोडून नेम लागतो का पाहायचं, मग मोठा गोळा. ती मी कॉपर वायरची करतो. आणि इथे माझा धंदा कामी येतो. वाइंडिंगच्या वायरी एसडब्ल्यूजी, म्हणजे जाडीच्या, नंबराने येतात, २८ नंबर म्हणजे ०.३८ मिलिमीटर, ३४ नंबर म्हणजे ०.२३. रणगाड्यावरचे धरायचे लोखंडी दांडे खऱ्यात सोळा-सतरा मिलिमीटरचे धरले तर १/७२ ला ३४ नंबर अगदी तंतोतंत. पण मी २८ च लावतो. तंतोतंत वायर दुसऱ्याच खेळात चपटी होते, जाड वायर ३ फुटांवरून सारखीच दिसते आणि बोटाचा दाब सहन करते. कपाटवाले याला चूक म्हणतील, म्हणू द्या, त्यांचे नंदी रोडवर येत नाहीत.

तोफ ठेवायचा स्टँड, पत्रे, मडगार्ड असलं सगळं मोटरच्या स्लॉटमध्ये घालायच्या लेदरॉइड पेपरचं होतं. ५ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पेपर ०.१३ मिलिमीटर, म्हणजे ७२ पट केला तर ९ मिलिमीटरचा पत्रा. साधा कागद कापला की कडेला तंतू सुटतात, हा तसा सुटत नाही. ज्यांच्याकडे मोटरचं दुकान नाही त्यांनी कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन कतरण मागावी, आम्ही ती फेकतोच. जीपची समोरची काच बॉनेटवर पाडलेली दाखवा, खऱ्यातही पडते, आणि नळीला वाट मिळते. ताडपत्री, बिछान्याची वळकटी एम-सीलची, बोट पाण्यात बुडवून लाटायची, मे महिन्यात लवकर लाटायची कारण उन्हाळ्यात ते हातातच कडक होतं.

रिकॉइललेसचं एक नियमाशी जोडलेलं प्रकरण आहे. ही तोफ मागे धक्का देत नाही कारण तिचा गॅस मागच्या बाजूने तेवढ्याच जोराने बाहेर पडतो, म्हणूनच ती जीपसारख्या हलक्या गाडीवर बसते. पण त्या गॅसने मागे धुळीचा लोट उठतो आणि शत्रूला कळतं की जीप कुठे आहे. म्हणून मारा आणि पळा. आमच्या नियमात जीपने गोळी झाडली की तिच्या मागे कापसाचा पुंजका ठेवतो, तो पुंजका असेपर्यंत ती उसातूनही दिसते. घरचा कापूस, सरकी काढून जरा विंचरला की धूर तयार. (याला ग्लूने चिकटवायचं नाही!!)

रंगाचं आता. आधी सगळे तुकडे भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातून काढताना लावलेलं तेलकट त्यावर राहतं आणि रंग सुटतो. मग प्राइमर, हार्डवेअरमधला करडा स्प्रे चालतो, पण वीतभर लांबून आणि हलके हलके हात, एकदम ओला मारला तर त्यातल्या थिनरने प्लास्टिकला तडे जातात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मारा. दुपारी ४५ डिग्रीत रंगाचे थेंब हवेतच वाळतात आणि गाडीवर रवा पसरल्यासारखा खरखरीतपणा येतो. वरचं मॅट वार्निश भर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत ते पांढरं पडतं, माझे तीन शर्मन असे धुक्यात गेले आहेत.

ब्रशचे रंग स्टेशनरीतले ॲक्रेलिक चालतात, पाणी टाकून दोन पातळ हात, एक जाड हात नाही. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळत असेल तर ग्लिसरिनचा एखादा थेंब, जास्त टाकलं तर गाडी चिकट राहते आणि सगळी धूळ ओढून घेते. रंग खऱ्यापेक्षा थोडा उजळ ठेवायचा हेही लक्षात असू द्या, लहान वस्तूवर खरा गडद हिरवा लावला की ३ फुटांवरून ती काळीच दिसते.

मग वॉश. लोक याला जादू समजतात. मोटरच्या वाइंडिंगवर वार्निश ओतलं की ते वेढ्यांच्या मधल्या फटीत स्वतःच चढत जातं ना, तसंच. रंग पाण्यासारखा पातळ केला की तो उंच भागावरून सरकून सांध्यांत, बोल्टच्या मुळाशी, जाळीत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर आणखी छान पसरतो. त्याच्या उलट ड्रायब्रश: जुन्या ब्रशला फिकट रंग लावायचा, पेपरवर पुसून जवळपास संपवायचा आणि मग गाडीवरून हलका फिरवायचा, फक्त कडा उजळतात. सावली खाली, उजेड वर, एवढ्यात नव्वद टक्के गाडी होते. टेबलावरच्या ट्यूबलाइटमध्ये खरी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवून द्यावी लागते, बस्स.

चिखल-धूळ लावताना आपल्या माणसाची एक चूक ठरलेली, अंगणातली काळी माती चाळून लावतो. माती चाळून लावणं बरोबर, फेविकॉल-पाण्यात कालवून चाकांत भरायची, झकास बसते. पण असल उत्तर पंजाबात आहे, बसंतरची लढाई, जिथे १६ डिसेंबर १९७१ ला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमधून लढले, ती शकरगडच्या भागात. तिथली माती नदीच्या गाळाची, भुरकट. लोंगेवाला तर वाळवंट. काळी माती लावली की तो सेंच्युरियन बसंतरला नाही, आमच्या नाल्यात आहे असं वाटतं. मी नदीच्या वाळूतला बारीक गाळ वस्त्रगाळ करून घेतो आणि त्यात भुरका रंग मिसळतो. चिखल कुठे लावायचा ते मात्र इथेच शिका, कोणत्याही ट्रॅक्टरकडे बघा: मागच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत थापलेला ओला गडद, आणि वरच्या भागावर फक्त कोरडी फिकट धूळ, जिथे माणूस चढतो तिथे ती पुसलेली.

ऊस काथ्याच्या पायपुसण्याचा. पट्ट्या कापायच्या, हिरवा-पिवळा रंग द्यायचा, उंची ३५ ते ४० मिलिमीटर ठेवायची म्हणजे अडीच-तीन मीटरचा ऊस होतो आणि जीप त्यात पूर्ण दडते. आमच्या कृषी केंद्रवाल्याने तुरीचं शेतही केलंय, पंजाबात शोभो न शोभो, त्याला हौस.

थ्रीडी प्रिंटबद्दल थोडं. नागपुरात कोणीतरी प्रिंट करून देतंच, आणि जी गाडी किटमध्ये मिळत नाही ती अशी मिळते. साध्या प्रिंटरच्या पीएलए प्लास्टिकवर थरांच्या रेषा येतात, प्राइमर आणि घासकामाने बऱ्याच जातात. पण पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं. मे महिन्यात बंद कारमध्ये डॅशबोर्डवर ठेवलं तर तोफेची नळी मान टाकते. रेझिनच्या प्रिंटला बारकावे छान येतात, पण न वाळलेलं रेझिन हाताला लागू देऊ नका, ॲलर्जी धरते, हातमोजे घाला, आणि घासायचं तर पाण्यात भिजवून घासा, धूळ नाकात जाऊ नये. वाकडं आलं तर गरम पाण्यात घालून सरळ करून गार पाण्यात धरायचं.

टरेटला छोटं चुंबक बसवा, एक टरेटमध्ये, एक खाली बॉडीत. चिकटवण्याआधी दोन्ही एकमेकांना लावून कोणती बाजू ओढते त्यावर मार्करने खूण करा, नाहीतर टरेट उडी मारून दूर पळतं आणि पक्कं झालेलं चुंबक निघत नाही. बेसखालीही एक चुंबक लावला की बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गाड्या चिकटून राहतात, एसटीतून खड्ड्यांच्या रोडने नेल्या तरी हलत नाहीत. आमच्या गाड्यांनी असा यवतमाळपर्यंतचा प्रवास केला आहे.

राहिली ती जीप. तिची नळी आतापर्यंत दोनदा निघाली, दोन्ही वेळा भाच्च्याने नळीलाच धरून उचलली म्हणून. किती वेळा सांगितलं, "बेसला धर बे, बेसला!" तर म्हणतो, "मामा, दिसते तेच धरीन ना." ते त्याचंही खरं, हातात येईल तिथेच माणूस धरतो. तिसऱ्या वेळी मी नुसता ग्लू लावला नाही. नळीच्या बुडात आणि स्टँडमध्ये हातड्रिलने बारीक भोक पाडलं, त्यात १८ नंबरच्या जाड कॉपर वायरचा तुकडा आरपार घातला, सोडा टाकून ग्लूने पक्का केला आणि वायरचं खालचं टोक जीपच्या तळातून बाहेर काढून बेसमध्ये पुरलं. आता नळीला धरलं की अख्खी जीप बेससकट उचलली जाते. मागच्या रविवारी त्याने तशीच उचलली आणि उसात नेऊन ठेवली, पहिल्याच फाशावर पॅटन उडवला, सरांचा होता.

काकांची मोटर परवा झाली. न्यायला आले तेव्हा आधी तिकडच्याच टेबलाकडे गेले.